बदली की स्थलांतर?

'बदली' हा शब्द आमच्या घरात नवा नाही. प्राथमिक शाळेच्या नोकरीत आम्ही ३४ वर्षे काढली व त्या अवधीत पाच वेळा बदलीचा हुकूम हाती घेतला. एक लोखंडी ट्रंक, एक वळकटी, एक स्टोव्ह आणि अमरकोशाची जीर्ण प्रत एवढा आमचा संसार वाईहून जावळीच्या डोंगरात, तेथून खंडाळ्याकडे आणि पुन्हा कृष्णाकाठी असा फिरत राहिला. हुकमात गावाचे नाव, रुजू होण्याची तारीख आणि खाली वरिष्ठांची सही एवढेच असे. मनुष्याच्या इच्छेस त्यात जागा नसे हे खरे. तथापि त्यात एक न लिहिलेले आश्वासन असे की, नोकरी तीच आहे, पगार तोच आहे, आणि शनिवारी शाळा सुटली की दिवेलागणीच्या आत घरी पोहोचता येईल. गाव सुटते पण घर सुटत नाही, ती बदली. अशी त्या शब्दाची आमच्यापुरती व्याख्या होती.

२०२२ सालच्या उन्हाळ्यात आमचा पुतण्या पुण्याहून घरी आला आणि पायांवर डोके ठेवून म्हणाला, "काका, माझी बदली झाली." आम्ही विचारले, "कोठे? नाशकास की नागपुरास?" तो म्हणाला, "अमेरिकेस, मिशिगन राज्यात." माजघरातील मंडळींस प्रथम ही थट्टाच वाटली. तो ज्या कारखान्यात मॅनेजर होता तेथे मोटारींचे सुटे भाग तयार होतात. आणि मिशिगन हे तर मोटारींचे माहेरघर. तेथे आपले एक लहानसे कार्यालय उघडून माल थेट विकावा असे मालकांनी ठरविले व त्या कामी आमच्या पुतण्याची निवड केली. नोकरी तीच, मालक तेच, फक्त मध्ये दोन महासागर. त्याच्या लेखी ती बदलीच होती.

आमचे इंग्रजी मॅट्रिकपुरतेच. परंतु घरात जे काही घडते ते समजून घेतल्याखेरीज आम्हांस चैन पडत नाही. पुतण्याची पत्नी, आमच्या सूनबाई, या साताऱ्याच्या न्यायालयात वकिली करीत होत्या. त्यांनी कंपनीच्या कागदांची चळतच आमच्या पुढ्यात ठेवली व चार संध्याकाळी बसून सारा कायदा आम्हांस उलगडून सांगितला. तो वाचकांस सांगणे अवश्य आहे. कारण आज आपल्या सुशिक्षित घरांपैकी किती तरी घरांत ही बदली येऊन उभी राहिली आहे, आणि तिच्या अटी मात्र नोकरी करणाऱ्यावाचून घरात कोणासच ठाऊक नसतात.

एकाच व्यापारी संस्थेच्या नोकरास तिच्या परदेशच्या शाखेतून अमेरिकेतील शाखेत आणता यावे, एवढ्यासाठी १९७० सालच्या एप्रिल महिन्यात अमेरिकेने आपल्या कायद्यात एक स्वतंत्र वर्ग निर्माण केला. त्यास 'एल' वर्ग म्हणतात. त्यात मुख्य प्रकार दोन. कारभार पाहणारे अधिकारी व मॅनेजर यांचा तो 'एल-१-ए', आणि संस्थेच्या विशिष्ट मालाचे वा पद्धतीचे अंतरंग जाणणारे यांचा तो 'एल-१-बी'. पहिल्यास अधिकात अधिक ७ वर्षे राहता येते, दुसऱ्यास ५. जो जावयाचा त्याने मागील ३ वर्षांपैकी सलग १ वर्ष तरी त्याच संस्थेत देशाबाहेर काम केलेले असले पाहिजे. दुसरा जो 'एच-१-बी' नावाचा व्हिसा आपल्याकडे घरोघरी ठाऊक झाला आहे, त्यास वर्षाची संख्या ठरलेली असून सोडतीत नाव निघावे लागते. 'एल' वर्गास संख्येची मर्यादा नाही आणि सोडतही नाही. मात्र या सवलतीस एक दोर बांधलेला आहे. हा मनुष्य त्या संस्थेचे काम सोडून दुसऱ्या संस्थेत जाऊन बसू शकत नाही. त्याचे पाऊल उमटते ते संस्थेच्या अंगणातच.

आम्हांस सर्वांत मौज वाटली ती कायद्याच्या पहिल्या प्रश्नाची. तो प्रश्न मनुष्याविषयी नाहीच. इकडची संस्था आणि तिकडची संस्था या खरोखर एका घरच्या आहेत काय, हा तो प्रश्न. एकीचे भाग दुसरीकडे किती, मालकी कोणाची, ताबा कोणाचा, हे सारे कागदोपत्री सिद्ध करावे लागते. आणि त्यासाठी योजिलेले शब्द पाहावेत तर पालक संस्था, भगिनी संस्था, शाखा! कुटुंबाची भाषा व्यापाराने केव्हा उचलली ते कळले नाही. पण कुळाचा पुरावा मागणारा हा कायदा पाहून आम्हांस सोयरीक जुळविणाऱ्या जुन्या मंडळींची आठवण झाली. पुढे पुतण्याने कारभाराचा तक्ता उघडला. वर मालक, खाली चार अधिकारी, त्यांच्या हाताखाली माणसे, आणि एका चौकटीत त्याचे स्वतःचे नाव. आमच्या देवघराशेजारी भिंतीवर टांगलेल्या वंशवृक्षाहून तो फारसा निराळा नव्हता.

खरे पाहता ही कल्पना आपणांस परकी नाही. पेशवाईत पुण्या-नाशकाच्या सावकारांचा व्यवहार काशीपर्यंत पसरलेला असे व तेथील दुकानी घरचा गुमास्ता बसे. हुंडी येथे लिहिली जाई व तेथे पटे. ती पटे याचे कारण एवढेच की, लिहिणारा आणि देणारा एका घरचे आहेत अशी बाजाराची खात्री असे. अमेरिकेच्या कायद्यास जे हवे तेही तेच. घर एक आहे काय? आणि हा मनुष्य त्या घरात पुरता मुरलेला आहे काय?

आमच्या पुतण्याचे प्रकरण मात्र थोडे अवघड होते. कारण तिकडे कार्यालय अद्याप निघावयाचे होते. चालत्या कार्यालयात जाणाऱ्यास आरंभी ३ वर्षांची मुदत मिळते. नवे कार्यालय उघडणाऱ्यास केवळ १ वर्षाची. जागा भाड्याने घेतल्याचा करार दाखवावा लागतो, भांडवल दाखवावे लागते, आणि एका वर्षाच्या आत ते कार्यालय एका मॅनेजरास पोसण्याइतके वाढेल असे पटवून द्यावे लागते. हे सारे झाले. मुंबईस वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकन वकिलातीत मुलाखत झाली. आपण तेथे काय करणार, हाताखाली किती माणसे नेमणार, असे दोन-चार प्रश्न झाले आणि व्हिसा मिळाला. आमच्या धाकट्या बंधूंनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, गणपतीपुढे नारळ फोडला. त्याच रात्री ते आम्हांस हळूच म्हणाले, "दादा, एकाच वर्षाचा तर प्रश्न आहे." आम्ही मान डोलाविली. नव्या कार्यालयाच्या मुदतीचे ते एक वर्ष होते. घरी परतण्याचे नव्हे, हे आम्हां दोघांसही ठाऊक होते.

सूनबाईंची गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. अशा नोकराच्या पत्नीस वा पतीस तेथे काम करण्याची मुभा २००२ सालापासून आहे. परंतु त्यासाठी निराळे परवानापत्र मागवावे लागे आणि ते हाती येईतो महिनेच्या महिने जात. २०२१ च्या अखेरीपासून तो जाच गेला. त्या नात्याने प्रवेश मिळाला की कामाचा अधिकारही आपोआप मिळतो. सूनबाईंस तो मिळाला. पण साताऱ्याच्या वकिलाची सनद मिशिगनच्या न्यायालयात चालत नाही. परवानगी मिळाली आणि विद्या मात्र पेटीत राहिली. अकरा वर्षांची वकिली गुंडाळून त्या गेल्या, व पहिले दीड वर्ष एका ग्रंथालयात पुस्तके लावण्याचे काम करीत होत्या. त्यांनी कधी तक्रार केली नाही. आम्हीही कधी विचारले नाही. न विचारल्यामुळे तक्रार नाही असे समजण्याची आपल्या घरांची रीत फार जुनी आहे.

आता त्या वर्षाकडे वळू. नवे कार्यालय म्हणजे दोन खोल्या व मागे एक गोदाम. नेमलेला एक विक्रेता तीन महिन्यांत सोडून गेला. खोकी उतरविणे, ती फोडणे, बिले करणे, गिऱ्हाइकाच्या दारी जाणे, हे सारे पुतण्या स्वतः करी. मालकही तोच आणि हमालही तोच! आपल्याकडे अशा मनुष्याची पाठ थोपटली जाते. परंतु कायद्याची दृष्टी उलट आहे. मॅनेजरने मुख्यत्वे कारभार पाहिला पाहिजे. तो स्वतःच सारी कामे करू लागला तर तो मॅनेजर नव्हेच, असे कायदा म्हणतो. मुदतवाढीचा अर्ज गेला तेव्हा तेथील खात्याकडून नेमके हेच विचारणारे पत्र आले. तुमच्या हाताखाली कोण? त्यांस पगार किती? तुमचा दिवस कोणत्या कामात जातो? ज्या कष्टांचा आम्हांस अभिमान वाटत होता, तेच कष्ट त्याच्या विरुद्ध साक्षीस उभे राहिले. कंपनीने घाईघाईने दोन माणसे नेमून उत्तर पाठविले.

याच सुमारास पहिल्या वर्षाची मुदत संपली. मुदतीच्या आत वाढीचा अर्ज गेला असेल तर मुदत उलटल्यावरही २४० दिवसांपर्यंत काम करता येते. तसा तो करीत होता. जादा शुल्क भरले तर असा अर्ज १५ दिवसांत हातावेगळा होण्याची सोय तेव्हा होती. कंपनीने काटकसर म्हणून ते भरले नव्हते.

आणि २०२३ च्या आषाढात एका पहाटे आमचे धाकटे बंधू गेले. रात्री अंथरुणावर पडताना बरे होते. पहाटे छातीत कळ आली आणि डॉक्टर येईतो सारे संपले.

मिशिगनमध्ये तेव्हा आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. पुतण्याचा फोन आम्हीच घेतला. तो म्हणाला, "काका, मी निघतो." त्या क्षणी आम्ही जे बोललो ते लिहिण्यासाठीच खरे तर हा लेख हाती घेतला आहे. आम्ही म्हणालो, "थांब. अर्जाचे काय?"

सूनबाईंनी शिकविलेला कायदा आम्हांस त्या वेळी नको तितका पाठ होता. त्यास येण्यास कोणताही कायदा आडवा येत नव्हता. फक्त, एकदा देशाबाहेर पाऊल टाकले की परत प्रवेशासाठी नव्या मंजुरीचा कागद हाती हवा. आणि तो कधी येईल, येईल की नाही, हे कोणीच सांगू शकत नव्हते. सूनबाई आणि सात वर्षांचा मुलगा यांचे तेथील राहणेही त्याच अर्जाच्या दोरीस बांधलेले. कंपनीतील वरिष्ठांनी "तुम्हीच विचार करा" असे सांगून अंग काढून घेतले. मग विचार आम्ही केला. घरातील वडील माणूस म्हणून केला. आम्ही त्यास सांगितले की, गेलेला मनुष्य तुझ्या येण्याने परत येणार नाही. तुझे मन येथे आहे हे त्यास पोहोचले. तू तुझे कर्तव्य कर. संस्कृत पढलेल्या मनुष्यास अशा वेळी वचनांचा तोटा पडत नाही. एक श्लोकही आम्ही म्हटला. तो कोणता, हे आज लिहिण्याची इच्छा नाही.

कृष्णेच्या काठी आमच्या मुलाने अग्नी दिला. पुतण्याने ते सारे हातातील फोनच्या पडद्यावर पाहिले. तिकडे रात्रीचे अडीच वाजले होते. मध्ये एकदा वाऱ्याने आवाज तुटला आणि त्यास वाटले की आपणांस कोणी काही विचारले. तो "हो, हो" म्हणाला. कोणी काही विचारले नव्हते. बाराव्या दिवशी कंपनीने ते जादा शुल्क भरले आणि त्यानंतर अकराव्या दिवशी दोन वर्षांची मुदतवाढ मंजूर झाल्याचा कागद आला. तेच शुल्क आधी भरले असते तर, हा विचार आमच्या मनात येतो. पण त्यात कंपनीकडे बोट दाखवून आपली सुटका करून घेण्याचा मोह आहे, हेही आम्ही जाणतो. कंपनीने त्यास अडविले नव्हते. सरकारने अडविले नव्हते. "थांब" हा शब्द आमचा होता.

पुढे सूनबाईंनी फोनवर बोलता बोलता कायद्याचे आणखी एक कलम सांगितले व ते आमच्या मनात घर करून बसले आहे. विद्यार्थी, प्रवासी असे जे अमेरिकेत थोड्या काळासाठी जातात त्यांच्याविषयी कायदा आरंभीच असे धरून चालतो की, हे कायमचे राहावयास आले आहेत. तसे नाही, हे त्यांनी अधिकाऱ्यास पटवून द्यावे. 'एल' वर्गास हा नियम नाही. या मनुष्याच्या मनात परत जाणे आणि कायम राहणे असे दोन्ही हेतू एकाच वेळी असू शकतात, आणि त्यात अपराध नाही, असे कायदा मान्य करतो. त्यास 'दुहेरी हेतू' असे नाव आहे.

हे ऐकून आम्ही बराच वेळ स्तब्ध बसलो. परक्या देशाच्या कायद्याने आमच्या मुलाच्या मनातील द्वैत मान्य केले. आम्ही ते कधी केले नाही. येथे घरात आम्ही सदैव "एकाच वर्षाचा प्रश्न आहे" असे म्हणत राहिलो, आणि तो फोनवर "बघू, काका" म्हणत राहिला. बंधूंनी त्याच्या खोलीतील पलंग हलवू दिला नाही. ही बदली आहे असे आम्ही धरून चाललो. ते स्थलांतर आहे असे त्याच्या मनात अर्धे येत होते. आणि हा भेद दोघांनीही एकमेकांपुढे उच्चारला नाही. मन दुहेरी असणे यात पाप नाही, ते चोरून ठेवावे लागणे हे दुःख आहे. त्या दिवशी फोनवर "मी निघतो" असे म्हणाला तो एक पुतण्या, आणि माझे "थांब" ऐकून थांबला तो दुसरा. दोघेही आमचेच होते. आम्ही त्यांतील एकासच ओळख दाखविली.

ज्या घरांत अशी बदली आली असेल त्यांस आमचे सांगणे उपदेशाचे नाही, अनुभवाचे आहे. जाण्यापूर्वी माजघरात बसून काही प्रश्न मोकळेपणी विचारावेत. मुदतवाढीचा अर्ज मुदत संपण्याच्या सहा महिने आधीपासून करता येतो. तो केव्हा करणार व जादा शुल्क भरणार काय, हे कंपनीस लेखी विचारावे. मध्येच नोकरी सुटली तर देश सोडण्यास किंवा दुसरी वाट शोधण्यास फार तर ६० दिवस मिळतात, आणि परतीचे भाडे कंपनीने द्यावे असे या वर्गापुरते कायद्याचे बंधन नाही; ते करारात लिहून घ्यावे. पगारातून वृद्धापकाळाच्या निधीसाठी शेकडा ६.२ कापले जातात. ते निवृत्तिवेतन पदरात पडण्यास सुमारे १० वर्षांचे काम लागते आणि या व्हिसावर राहता येते अधिकात अधिक ७ वर्षे. भारत आणि अमेरिका यांच्यात या बाबतीत अद्याप करार नाही. तेव्हा जो परत येईल त्याने तो पैसा सहसा गेला असेच धरावे. सोबत गेलेल्या मुलाचा अधिकार २१ व्या वर्षी संपतो. घरच्या सुनेची विद्या तेथे चालेल काय, आणि न चालल्यास तिने काय करावे, हा प्रश्न शेवटी न विचारता सर्वांत आधी विचारावा. आणि घरी मृत्यू झाला तर यावयाचे की नाही, हेही आधीच बोलून ठेवावे. ते अशुभ नाही. अशुभ जे घडते ते न बोलल्यामुळे घडते.

गेल्या महिन्यात पुतण्याचा फोन आला. कार्यालयात आता नऊ माणसे आहेत. कंपनी त्याच्यासाठी कायमच्या वास्तव्याचा अर्ज करू इच्छिते. देशोदेशी कारभार असलेल्या संस्थांच्या मॅनेजरांसाठी तसा एक वर्ग आहे, जरी भारतीयांस त्यातही रांगेत थांबावे लागते. २०२९ साली त्याची सात वर्षे पुरी होतील. त्याच्या आत ठरविले पाहिजे. त्याने विचारले, "काका, काय करू?"

आम्ही म्हणालो, "तुझ्या मनात काय आहे ते आधी सांग. एक असेल तर एक सांग, दोन असतील तर दोन्ही सांग."

तो बराच वेळ बोलला नाही. मग बोलू लागला तेव्हा आमच्याकडे सांज होऊन गेली होती, आणि दिवा लावण्यास कोणी उठले नाही. मध्ये त्याने फोन सूनबाईंकडे दिला. प्रथमच त्यांनी साताऱ्याच्या न्यायालयाविषयी, तेथील चिंचेखालच्या आपल्या टेबलाविषयी सांगितले. आम्ही ऐकत राहिलो. सल्ला दिला नाही. श्लोकही म्हटला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही व बंधुपत्नी मिळून त्याच्या खोलीतील पलंग भिंतीकडे सरकविला आणि खिडकीखाली एक लिहिण्याचे मेज ठेवले. तो आला तर त्यास बसावयास होईल. न आला तर त्यावर आम्ही त्यास पत्रे लिहू.